पीके बॅनर्जी : बूट टांगल्यावर पुन्हा शाळेत गेलेला विंगर

उजवी_बगल (धागालेखक)

२० मार्च २०२० ला फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक पीके गेले आणि दोनच दिवसांनी जनता कर्फ्यू लागला. त्या गडबडीत त्यांच्याबद्दल मी जे काही वाचलं, त्यात फिरून फिरून दोनच गोष्टी होत्या. एक जकार्त्याचं सुवर्णपदक आणि दुसरं ‘व्होकल टॉनिक’. सामन्याआधी पीके खेळाडूंना जे बोलायचे, त्याला कोलकात्यात पडलेलं हे नाव.

माझी तक्रार या नावाबद्दलच आहे. नाव झकास आहे, पण त्यानं माणूस झाकला गेला. जणू काही पीके ड्रेसिंग रूममध्ये आले, दहा मिनिटं बोलले आणि अकराजण वाघ होऊन बाहेर पडले. एवढं सोपं असतं तर आपल्याकडचा प्रत्येक वक्ता एव्हाना प्रशिक्षक झाला असता.

आधी खेळाडू म्हणून थोडक्यात, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. जन्म १९३६, जलपायगुडी. संतोष ट्रॉफी बिहारकडून. कोलकात्यात आधी एरियन, मग १९५५ पासून शेवटपर्यंत ईस्टर्न रेल्वे. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो, त्या संघात विशीचे पीके उजव्या बगलेला होते. (ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं त्या सामन्यातली हॅटट्रिक आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.) १९६० ला रोममध्ये कप्तान. फ्रान्सशी १-१ झाली, गोल पीकेंचा. १९६२ ला जकार्ता एशियाडच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१, पहिला गोल पुन्हा पीकेंचाच. १९६७ ला खेळणं थांबवलं.

आता मुद्दा. फुटबॉलमधला पहिला अर्जुन पुरस्कार घेतलेला हा माणूस, वय तेहेतीस, १९६९ साली वही-पेन्सिल घेऊन जपानला गेला. फिफाचा तीन महिन्यांचा प्रशिक्षकांचा वर्ग होता, शिकवायला डेटमार क्रॅमर. क्रॅमर म्हणजे ज्यांच्या हाताखाली जपाननं १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला हरवलं आणि १९६८ ला मेक्सिकोत ब्राँझ घेतलं. हेच क्रॅमर पुढे बायर्न म्युनिकला १९७५ आणि १९७६ असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकून देणार होते.

पीके तिथून परत आले. १९७० च्या बँकॉक एशियाडला जी. एम. एच. बाशांच्या जोडीनं भारताचे प्रशिक्षक झाले आणि ब्राँझच्या सामन्यात आपण कोणाला हरवलं? जपानला. १-०. ज्यांच्या घरी जाऊन शिकले त्यांनाच, पुढच्याच वर्षी.

तर माझं म्हणणं असं, की पीके मोठे प्रशिक्षक झाले ते मोठे खेळाडू होते म्हणून नव्हे, खेळाडूपण बाजूला ठेवून शिकायला बसले म्हणून. टॉनिक नंतरचं. बोला.

---

कूपरेजकर

चांगला धागा काढलास बाळा. मी सत्तरीचा आहे, तेव्हा थोडं लांबण लागेल, सांभाळून घे.

आमच्या लहानपणी रोव्हर्स कप म्हणजे सण होता. मुंबईत कूपरेजच्या मैदानावर बंगालचे संघ आले की अर्धं मैदान बंगाली बोलायचं. आम्ही मफतलाल, ओर्के, टाटांच्या बाजूचे. पण मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल खेळायला लागले की नाइलाजानं गप्प व्हायचो. लाकडी बाकं, पुढच्याच्या डोक्यावरून मान काढून बघायचं, आणि बॉल बगलेला गेला की सगळी रांग एकदम उठायची. बसलेल्याला काहीच दिसायचं नाही, म्हणून तोही उठायचा. अर्धा सामना उभ्यानंच.

१९७७ चा मोहन बागानचा संघ डोळ्यासमोर आहे. श्याम थापा, हबीब, अकबर, गौतम सरकार, सुभाष भौमिक. त्या वर्षी आयएफए शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स, तिन्ही मोठे चषक एका हंगामात. भारतात हे पहिल्यांदा करणारा प्रशिक्षक पीके. त्या पोरांना मी धावताना पाहिलंय. सत्तराव्या मिनिटाला आमच्या मुंबईच्या संघांची जीभ बाहेर यायची आणि ही मंडळी तेव्हा कुठे रंगात यायची. हे भाषणानं होत नाही. त्यासाठी पहाटे उठवून पळवायला लागतं.

---

आकडेमोड्या

काका, एक दुरुस्ती. तिन्ही चषक एका हंगामात पहिल्यांदा १९७२ ला, ईस्ट बंगाल. शील्ड, ड्युरँड, रोव्हर्स. त्या वर्षी कोलकाता लीगमध्ये त्यांनी एकही गोल खाल्ला नव्हता, तेही लिहून ठेवा.

गंमत अशी की प्रशिक्षक तेव्हाही पीकेच.

---

कूपरेजकर

१९७२ चा रोव्हर्स वाटून दिला होता रे. अंतिम सामन्याचा निकाल लागला नाही म्हणून ईस्ट बंगाल आणि मोहन बागान संयुक्त विजेते. अर्ध्या कपाला मी पूर्ण कसा म्हणू?

---

आकडेमोड्या

यादीत नाव आहे ना? मग झालं.

---

उजवी_बगल

या दोघांना इथेच थांबवतो, नाहीतर तीन पानं यातच जातील. कोणाचंही खरं धरा, पीकेंच्या खात्यातच जमा होतंय.

---

शंकासूर

मी जरा उलट्या बाजूनं बोलतो, वाईट वाटून घेऊ नका.

सत्तरच्या दशकात देशातले चांगले खेळाडू कुठे होते? दोन क्लबांत. पीके कुठे होते? त्याच दोन क्लबांत, आलटून पालटून. १९७२ ते ७५ ईस्ट बंगाल, १९७६ ते ७९ मोहन बागान. निवडक आंबे पेटीत भरून दिल्यावर पेटी विकणाऱ्याचं कौतुक किती करायचं?

बरं, देशाच्या संघाकडे बघा. १९७० चं ब्राँझ मान्य. एशियाडमधलं फुटबॉलचं ते आपलं शेवटचं पदक. पण १९८२ ला दिल्लीत, घरच्या मैदानावर, प्रशिक्षक पीके, उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१. १९८६ ला सेऊलमध्ये गटातूनच घरी. तेव्हा क्रॅमर कुठे गेले होते?

---

मैदानवेडी

शंकासूर, आंब्याची पेटी हा शब्द आवडला, पण हिशोब चुकतोय.

मी लग्नानंतर अकरा वर्षं कोलकात्यात राहिले. सासरे कट्टर मोहन बागान. त्यांच्या घरात १९७५ हे साल उच्चारायला बंदी होती. शील्डची फायनल, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. तिकडच्या बाकावर पीके. त्या वर्षी ईस्ट बंगालनं सलग सहावी लीग जिंकली, मोहमेडन स्पोर्टिंगचा तीसच्या दशकातला सलग पाचचा विक्रम मोडून. त्यातल्या शेवटच्या चार पीकेंच्या.

पुढच्या वर्षी तोच माणूस मोहन बागानच्या बाकावर. आणि लीगच्या बड्या सामन्यात, म्हणजे हे दोन क्लब भिडतात त्यात, शिट्टी वाजल्यापासून सतराव्या सेकंदाला महंमद अकबरचा गोल! उलगनाथनचा क्रॉस, अकबरचं डोकं, खलास. सामना १-० नं संपला. मोहन बागाननं १९६९ नंतर पहिल्यांदा लीग घेतली. सासरे हा सतरा सेकंदांचा किस्सा सांगायला वीस मिनिटं घ्यायचे. चहा गार व्हायचा.

आता सांगा, पेटीतले आंबे सारखेच होते तर पेटी बदलल्यावर विजय कोणाच्या मागे गेला?

आणखी एक. पीके खेळाडू म्हणून ना ईस्ट बंगालचे, ना मोहन बागानचे. दोन्ही क्लब, मोहमेडन धरून तिन्ही, त्यांनी खेळाडू असताना नाकारले आणि रेल्वेत राहिले. १९५८ ला त्याच ईस्टर्न रेल्वेला लीग जिंकून दिली. त्या तीन क्लबांबाहेरच्या संघानं लीग जिंकायला त्यानंतर २०१९ उजाडावं लागलं, पीअरलेस. मला नेहमी वाटतं, या गोष्टीचा पुढे फार उपयोग झाला असणार. माणूस कोणाच्याच रंगाचा नव्हता. ईस्ट बंगाल सोडून समोरच्या तंबूत गेला तरी लोकांनी शिव्या घातल्या असतील, ‘घरभेदी’ म्हणता आलं नाही.

---

नाक्यावरचा

वा ताई! ‘चहा गार व्हायचा’ला +१.

त्या न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबच्या सामन्याबद्दल कोणी लिहीत का नाही? पेले कोलकात्यात आला होता तो.

---

कूपरेजकर

लिहितो. २४ सप्टेंबर १९७७, ईडन गार्डन्स, पाऊस पडून गेलेला, मैदानाचा चिखल. आम्ही मुंबईत रेडिओला कान लावून. कॉसमॉसकडून पेले, कार्लोस आल्बेर्तो, किनालिया. म्हणजे १९७० चा विश्वविजेता कप्तान आणि इटलीचा सेंटर फॉरवर्ड. पहिला गोल कार्लोस आल्बेर्तोचा. मग श्याम थापा, मग हबीब, आणि मोहन बागान २-१ नं पुढे! शेवटी पेनल्टीवर किनालियानं बरोबरी केली. त्या पेनल्टीवर बंगाली माणूस अजून भांडतो. २-२.

पण माझ्या मते त्या वर्षीची खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. लीगच्या सामन्यात ईस्ट बंगालकडून ०-२ मार. लीग हातची गेली. फेडरेशन कप पहिल्यांदाच भरवला, त्याच्या फायनलमध्ये बंगलोरच्या आयटीआयसारख्या संघाकडून हार. पीकेंची खुर्ची डुगडुगायला लागली होती. आणि त्यातून उठून आधी पेलेला थोपवलं, मग चार दिवसांनी शील्ड फायनलला ईस्ट बंगालला १-० नं घेतलं, गोल पुन्हा श्याम थापा.

एक बघ उजवी_बगल. पेलेला थोपवायचं काम गौतम सरकारकडे होतं. ‘पेले देव आहे’ असं मनात धरून कोणी त्याच्या अंगाला अंग लावू शकत नाही. तिथे टॉनिकच लागतं. तू त्याला फार खाली ढकलतोयस.

---

उजवी_बगल

काका, टॉनिकला खाली ढकलत नाही हो. म्हणतोय एवढंच, की ‘अंगाला अंग लाव, घाबरू नको’ हे टॉनिक आणि ‘त्यानं डावीकडे तोंड केलं की तू इथे उभा राहा’ हे शिक्षण. गौतम सरकारला दोन्ही मिळालं असणार. आपण पहिलंच लक्षात ठेवलं, कारण किस्सा पहिल्याचाच होतो.

शंकासूर, १९८२ आणि ८६ वर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. क्लबचा प्रशिक्षक पोरांना वर्षभर रोज बघतो, देशाच्या प्रशिक्षकाला ती शिबिरापुरती मिळतात. पीकेंचं काम रोजच्या सहवासाचं होतं असं मला वाटतं. पण १९७० ला शिबिरच होतं आणि तेव्हा जमलं, हेही खरं. म्हणजे माझाच मुद्दा माझ्यावर उलटतोय.

---

शंकासूर

निदान कबूल करतोयस. या संस्थळावर हे दुर्मिळ.

---

शिट्टीवाला

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यानं लिहायला लावलं.

मी काही पीके नव्हे. कंपनीच्या संघातून सात वर्षं राइट बॅक खेळलो, गुडघा गेला, आता शनिवार-रविवारी चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. खेळाडूचा प्रशिक्षक होताना नेमकं काय अडतं, ते जवळून सांगू शकतो.

पहिलं वर्ष मी सगळं करून दाखवायचो. क्रॉस असा मारायचा, धप्प. पोरं टाळ्या वाजवायची. मला वाटायचं वा, शिकवतोय. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर तासाभरात बॉलला सगळ्यात जास्त पाय माझे लागायचे. एक दिवस एका बारीकशा पोरानं विचारलं, “सर, बॉल यायच्या आधी तुम्ही कुठे बघता?” आणि मला उत्तर येईना. खरंच येईना. सात वर्षं मी कुठेतरी बघत होतो, पण कुठे ते मला कधी कळलंच नव्हतं. त्या रात्री अंथरुणात पडून मी डोळे मिटून क्रॉस मारत होतो आणि आपण कुठे बघतो ते शोधत होतो. बायको म्हणाली, पाय झाडू नका.

मग प्रशिक्षकांचा सुरुवातीचा, डी लायसन्सचा कोर्स केला. तिथे एक सराव होता: साधा पास शिकवायचा, पण शिकवणाऱ्यानं बॉलला पाय लावायचा नाही. फक्त उभं राहायचं, बघायचं, खेळ थांबवायचा, एक वाक्य बोलायचं, पुन्हा सुरू करायचा. मला घाम फुटला. माझ्या गटात कधीच मोठं न खेळलेला एक शाळामास्तर होता, त्यानं ते सहज केलं. मी चार वेळा बॉलकडे धावलो आणि चारही वेळा शिट्टी वाजली. माझ्यावर!

तेव्हा तेहेतिसाव्या वर्षी, दोन ऑलिंपिक आणि एशियाडचं सोनं खेळून झाल्यावर, एखादा माणूस क्रॅमरच्या वर्गात बसतो तेव्हा त्याला काय वाटलं असेल याची मला थोडी कल्पना येते. तिथेही कोणीतरी सांगितलंच असणार की बॉलला पाय लावू नका.

---

मैदानवेडी

शिट्टीवाला, फार छान. ‘पाय झाडू नका’ वाचून मोठ्यानं हसले.

तुमच्यावरून अमल दत्ता आठवले. त्यांच्याशिवाय पीकेंची गोष्ट अर्धीच. दत्ताही खेळून प्रशिक्षक झालेले, स्वखर्चानं इंग्लंडला जाऊन शिकून आलेले. म्हणजे शाळेत गेलेले दोघंही. पण दत्ता फळ्यावरचे आणि पीके खांद्यावर हात ठेवणारे, असं कोलकात्यात म्हणायची पद्धत होती.

१३ जुलै १९९७, फेडरेशन कपची उपांत्य फेरी, सॉल्ट लेक. एक लाख एकतीस हजारांच्या वर माणसं. मोहन बागानकडे दत्ता आणि त्यांची गाजलेली ‘डायमंड’ रचना. पुढे इतकी माणसं चढायची की आधीच्या संघांचा पालापाचोळा झाला होता. सामन्याआधी दत्तांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावं ठेवली: बायचुंगला ‘चुंगचुंग’, ओमोलोला ‘ऑम्लेट’, सोसोला ‘शसा’, म्हणजे बंगालीत काकडी. पेपरात ठळक छापून आलं.

पीकेंनी आणखी काय टॉनिक द्यायचं? समोरच्या डॉक्टरनंच बाटली पाठवली होती.

ईस्ट बंगाल ४-१. चुंगचुंगची हॅटट्रिक. पण नुसता राग नव्हता हो तो. माणसं पुढे चढली की मागे जी जागा उघडी पडते, तिथे बायचुंग पुन्हा पुन्हा घुसत होता. आम्ही दूरदर्शनवर बघत होतो. तिसऱ्या गोलाला सासरे उठून गच्चीवर गेले आणि कपडे वाळत नसताना कपडे काढायला लागले.

---

आकडेमोड्या

आणि त्या कपची फायनल ईस्ट बंगाल हरलं. साळगावकरकडून १-२. हे कोणी सांगत नाही.

---

शंकासूर

आकडेमोड्या, आज तू माझा भाऊ.

म्हणजे बघा, सव्वा लाख लोकांसमोर टॉनिक लागू पडलं आणि पुढच्या सामन्यात बाटली रिकामी. मी हेच म्हणतोय. राग एका सामन्यापुरता असतो.

---

उजवी_बगल

शंकासूर, तू आत्ता जे बोललास ते माझंच म्हणणं आहे. फक्त तू ते पीकेंच्या विरुद्ध वापरतोयस, मी बाजूनं. टॉनिकवर एक उपांत्य सामना निघतो. सलग चार लीग, एक गोल न खाता काढलेला अख्खा हंगाम, किंवा १९७३ च्या शील्ड फायनलला उत्तर कोरियाच्या प्याँगयांग सिटीला ३-१, हे टॉनिकवर निघत नाही.

अवांतर: नव्वदच्या दशकात पीके बरीच वर्षं जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत पोरं घडवत होते. बडा सामना नाही, लाख माणसं नाहीत, व्होकल टॉनिक कोणाला द्यायचं? साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस सकाळी सतरा वर्षांच्या पोरांपुढे उभा. त्या वर्षांवर कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, कोणाकडे आठवणी असतील तर प्लीज लिहा. अलीकडे २३ जून हा त्यांचा वाढदिवस फुटबॉल महासंघानं ‘ग्रासरूट्स डे’ ठरवलाय, तेवढं एक बरं केलं.

---

नाक्यावरचा

माझा बाळबोध प्रश्न. जकार्त्याला भारताचे प्रशिक्षक होते त्या रहीमसाहेबांचं काय? पीके त्यांच्याच हाताखालचे ना? मग शिकायला जपानला कशाला जायला लागलं?

---

कूपरेजकर

बाळबोध नाही, कळीचा प्रश्न आहे.

जकार्ता घे. जर्नेल सिंग स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला मागून काढून पुढे फॉरवर्डला खेळवलं. फायनलला पीकेंनी पहिला गोल केला आणि काही मिनिटांत त्याच टाक्यांच्या डोक्याच्या जर्नेलनं दुसरा. हा डाव आपल्या डोळ्यांसमोर खेळला जाताना पीकेंनी पाहिलाय. पण रहीमसाहेब १९६३ च्या जूनमध्ये कॅन्सरनं गेले. त्यांच्या मनात काय काय होतं ते बरंचसं त्यांच्याबरोबर गेलं. पीके तेव्हा सव्वीस वर्षांचा खेळाडू, विचारून ठेवायचं वय नव्हतं ते. प्रश्न पडायला लागले तेव्हा उत्तर देणारा नव्हता.

ही माझी समजूत हो, पुरावा मागू नकोस.

---

शिट्टीवाला

काका, ‘प्रश्न पडायला लागले तेव्हा उत्तर देणारा नव्हता’... आमच्या कंपनीच्या संघाच्या जुन्या प्रशिक्षकांना फोन करायचा मी सहा महिने पुढे ढकलतोय. आज करतो.

बाकी या धाग्याचा एक दुष्परिणाम नोंदवतो. उजवी_बगलचं वाचून गेल्या रविवारी ठरवलं, मध्यंतरात भाषण बंद. ०-१ नं मागे होतो. पोरांना पाणी दिलं, बसवलं, एक अक्षर बोललो नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. शेवटी तोच बारीक पोरगा म्हणाला, “सर, रागावलात का?”

०-३ हरलो. या रविवारी बोलून बघतो.

---

कूपरेजकर

थोडं तरी बोल रे बाबा.